डेंग्यूचा डास गटारात शोधू नका

गणपती बसायच्या सुमारास नाशिकात सिडको असो, सातपूर असो की इंदिरानगर, गल्लोगल्ली एकच तक्रार ऐकू येते: फवारणीची गाडी आली नाही. गाडी आली तरी धुराने मरतात ते उडते डास. पाण्यातल्या अळ्या मजेत वाढत राहतात आणि आठवडा उलटला की डास पुन्हा हजर.

दुसरं बोट जातं गटाराकडे. गटारातल्या क्युलेक्स डासाने हत्तीरोग होतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीला साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, आणि ते बहुधा आपल्याच घरात असतं: झाकण तडकलेली गच्चीवरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, उन्हाळ्यापासून तसाच पडलेला कूलर, मनी प्लांटची बाटली. नवीन बांधकामांच्या लिफ्टच्या खड्ड्यांत तर पाणी महिनोन्‌महिने असतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर भांडणारे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आठवड्याला एक कोरडा दिवस पाळणारे, म्हणजे त्या दिवशी साठलेलं सगळं पाणी ओतून देणारेही, एक गोष्ट विसरतात. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरड्यातही ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून आतून काथ्याने खसाखसा घासा. जे रिकामं करता येत नाही, त्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा.

हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. रात्रीपुरती मच्छरदाणी लावून उपयोग नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवायची मात्र गरज नाही, स्पर्शाने डेंग्यू होत नाही. ताप असताना त्याला चावलेला डास साधारण आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो, म्हणून रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी होते. ताप उतरला, आता बरं झालं, असं समजून माणूस कामावर जातो. धोका नेमका तेव्हाच असतो: रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि रक्तदाब घसरू शकतो. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. घरातले मात्र 'पेशी (प्लेटलेट) किती झाल्या?' एवढंच विचारत पपईच्या पानांचा रस पाजत बसतात.

अंगदुखीवर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच करा. सातव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं ठरत नाही. तेव्हा आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, बघावी लागते.