क्रूझवरून रोम बघायला उतरताय? या चुका टाळा

क्रूझच्या कार्यक्रमात ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तरएक किलोमीटर. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सकाळी सात ते संध्याकाळी सात जहाज बंदरात आहे म्हटलं, की लोक बाराही तास रोमच्या नावावर मांडून मोकळे होतात. अहो, उतरायची रांग, बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचे हा बसथांबा, तिथून स्टेशन, मग रीजनल गाडीचा साधारण सव्वा तास. येताना पुन्हा तेच. शिवाय जहाज सुटायच्या निदान अर्धा तास आधी आत असावं लागतं. रोमचे सहा तास हाती लागले तरी पुष्कळ झाले. त्यात व्हॅटिकन, कलोसियम, ट्रेव्ही आणि वर खरेदी कोंबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण फरफट होते ती आजी-आजोबांची आणि पोरांची.

आमच्या जहाजावर ठाण्याचं एक कुटुंब होतं. आजी, मुलगा-सून, दोन नातवंडं. व्हॅटिकन म्युझियमची तिकिटं आधी काढलेली नव्हती, त्यामुळे सकाळ भिंतीलगतच्या रांगेत गेली. तरी कलोसियम सोडवेना. परतीची गाडी टेर्मिनीहून, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनवरून, आणि तिथे या मार्गाच्या गाड्या बहुधा पंचविसाच्या पुढच्या प्लॅटफॉर्मवरून सुटतात. ते प्लॅटफॉर्म मुख्य हॉलपासून इतके लांब आहेत की धडधाकट माणसालाही दहा मिनिटं लागतात. आजींचे गुडघे दुखत होते. मुलगा पुढे पळाला, पण आईला मागे टाकून गाडीत चढणार कसा? गाडी गेली. पुढच्या गाडीने ते बंदरावर पोचले तेव्हा जहाज निघून गेलं होतं. पासपोर्ट जहाजाने बंदरावरच्या एजंटाकडे ठेवलेले होते म्हणून बरं. मात्र आजींच्या बीपीच्या गोळ्या केबिनमध्ये राहिल्या. दुसऱ्या दिवशी पदरच्या खर्चाने पुढच्या बंदरावर, लिव्होर्नोला येऊन ती मंडळी जहाजावर चढली, तेव्हा आजींचा चेहरा पार उतरला होता.

जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपल्या आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणून मी परतीची ठरवते ती गाडी शेवटची सोयीची नसते, तिच्या आधीच्या दोन गाड्या सोडून तिसरी. रोममधल्या सान पिएत्रो स्टेशनवर चढते-उतरते. सेंट पीटर्स चर्च तिथून पायी जवळ आहे आणि टेर्मिनीची पायपीट वाचते. दिवसाला एकच मोठं ठिकाण. औषधं, दोन दिवस पुरतील एवढी, माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. बंदरावरच्या एजंटाचा नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये.

संपाकडे कुणी बघतच नाही. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. स्टेशनच्या बोर्डावर ‘शोपेरो’ दिसलं, की त्या दिवशी रोमचा नाद सोडा. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक गाड्या धावतात खऱ्या, पण संध्याकाळच्या गाडीच्या भरवशावर जहाज गाठायचं धाडस लेकरं बरोबर असताना करू नये.

कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड.

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून.

सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, ओढणी पुरते.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत सुटू नका. रोमच्या रस्त्यांवरच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचंच आहे.

ज्यांच्याबरोबर खरंच थकलेलं माणूस आहे, त्यांनी रोमचा हट्ट का धरावा? चिवितावेक्कियाहून रीजनल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर तार्क्विनिया आहे. तिथली रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांची रंगवलेली थडगी २००४पासून जागतिक वारसा यादीत आहेत. थडग्यांत पायऱ्या उतराव्या लागतात, तेवढा वेळ आजोबांना वर सावलीत बसवावं.

आणि व्हिसा. कार्यक्रमात तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाचं बंदर असेल तर शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, मल्टिपल एंट्रीच मागा. मधे शेंगेनबाहेर गेलात की सिंगल एंट्री तिथेच संपते, आणि हे अर्ज भरतानाच बघायचं असतं.