सुलभकाने स्वतःचे उत्तर खिशातच ठेवावे

अडचणीवर नवा मार्ग शोधण्यासाठी माणसे जमतात तेव्हा चर्चा पुढे नेणाऱ्या सुलभकाने चर्चेचा क्रम, वेळ आणि प्रत्येकाला मिळणारी संधी एवढेच सांभाळावे; उत्तर शोधण्याचे काम ज्यांची अडचण आहे त्यांचे.

बैठकीपूर्वी अडचण प्रश्नाच्या रूपात मांडून घ्यावी. ‘पाणी पुरत नाही’ ही तक्रार झाली आणि तिच्यातून आणखी तक्रारीच निघतात. ‘मार्च ते मे या काळात टँकर कमी मागवावे लागावेत म्हणून काय करता येईल?’ असे विचारले की उपाय सुचू लागतात. प्रश्न घडवण्यात अर्धा तास गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे.

विचारमंथनाची पद्धत रूढ करणारे अमेरिकी जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांचा पहिला नियम असा, की कल्पना येत असताना टीका करू नये. हा नियम राखणे फार अवघड, कारण टीका शब्दांतूनच होते असे नाही. उंचावलेली भुवई किंवा ‘हे मागेच करून झालंय’ हा सहज शेरासुद्धा पुरतो. शिवाय १९५८ मध्ये येल विद्यापीठातील एका प्रयोगात, एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या तितक्याच माणसांच्या गटापेक्षा अधिक भरल्या. म्हणून आधी सर्वांना दहा मिनिटे शांतपणे लिहू द्यावे आणि मगच बोलणे सुरू करावे.

एका सोसायटीच्या पाणीबैठकीला मी वॉचमनलाही आग्रहाने बसवले होते. बिननावाच्या चिठ्ठ्या वाचताना एकीवर निघाले: ‘पहाटे चारला वरची टाकी भरून वाहते.’ अध्यक्षांच्या डोक्यात तोवर नवी बोअरवेल होती. ते आधी बोलले असते, तर ही चिठ्ठी लिहिली गेली असती असे मला वाटत नाही.

निवडीची वेळ आली की खर्च, लागणारा काळ आणि करणारा माणूस हे निकष आधी ठरवून घ्यावेत, अन्यथा ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना निवडली जाते. निवडलेल्या कामापुढे नाव आणि तारीख सर्वांसमक्ष लिहावी. विषयात सुलभकाचाच हितसंबंध असेल, तर त्याने तसे उघड सांगून खडू दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि स्वतः चिठ्ठी लिहायला बसावे.