हरभऱ्यात डुक्कर शिरलं? आधी जागा नोंदवा, मग कुंपणाचं बघा

तूर शेंगा धरतेय, हरभरा वीतभर झालाय आणि विदर्भातल्या जंगलकाठच्या गावांत रानडुक्कर, रोही (नीलगाय), चितळ यांचे फेरे सुरू झालेत. आता नुकसान होतं ते तुकड्यातुकड्याने: नाल्याकडचे पाच गुंठे, धुऱ्याजवळची (बांधाजवळची) तीन तासं, म्हणजे ओळी. नेमकी याच तुकड्यांची नोंद कोणी करत नाही. ‘एवढ्याशासाठी कोण वन खात्याच्या रेंज ऑफिसला जातं’ असं म्हणत दिवस जातात आणि होळीपर्यंत अर्धं वावर गेलेलं असतं. तेव्हा केलेल्या अर्जाला ना तारीख असते, ना जागा.

नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. पीक विम्यात खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्तीखाली जादा संरक्षण म्हणून घेता येईल, असं केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. त्यासाठी 72 तासांत पीक विमा अ‍ॅपवर जागेची नोंद असलेले फोटो टाकायचे आहेत. कोणते प्राणी, कोणते जिल्हे आणि कोणते विमा घटक (विम्यासाठी धरलेली गावं किंवा मंडळं) यात धरायचे हे राज्याने ठरवायचं, आणि तेही मागच्या नोंदींवरून. ज्या गावाने मागे काही नोंदवलंच नाही, ते गाव त्या यादीत कशाच्या जोरावर येणार? आपला तालुका, आपलं पीक आणि तो प्राणी अधिसूचनेत आहे का, हे हप्ता भरण्याआधी बघून घ्या.

सरकारी नकाशात सगळं असेलच, या भरवशावरही राहू नका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादन नकाशात एक हेक्टरपेक्षा लहान झाडीचा तुकडा धरला जात नाही. सेंटिनेल-2 उपग्रहाचं चित्र फुकट मिळतं, पण त्यातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा. डुक्कर दिवसभर दडतं ते नाल्याकाठच्या आठ-दहा मीटर रुंदीच्या बेशरम-बाभळीत, पडीक पांदणीत (शेतवाटेत), ई-क्लासच्या (सरकारी पडीक-चराऊ जमिनीच्या) झुडपात. हे नकाशावर तुम्हीच आणलं तर येईल.

नोंद सकाळी ऊन चढायच्या आत करा, खूर आणि उकरलेली माती तेव्हा स्पष्ट दिसते.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू आहे का पाहा. उघड्या आभाळाखाली अर्धा-एक मिनिट थांबा आणि अचूकता पाच मीटरच्या आत आल्यावरच अक्षांश-रेखांशाचे आकडे घ्या. झाडाखाली, विहिरीच्या कठड्याला टेकून घेतलेले आकडे वीस-वीस मीटर सरकतात. आकडे दशांशात आणि पाच स्थळांपर्यंत लिहा. चारच लिहिले तर जागा दहा-अकरा मीटरने ढोबळ होते, म्हणजे शेजाऱ्याच्या धुऱ्यावरही जाऊ शकते. विदर्भात पहिला आकडा 19 ते 21 च्या आसपास आणि दुसरा 76 ते 80 च्या आसपास हवा. उलटे लिहिले तर नोंद पार भलतीकडे जाऊन पडते. अंश-मिनिटांचे आकडे दशांश समजून टाकणं ही दुसरी नेहमीची चूक.

फोटो चार घ्या: एक लांबून, ज्यात विहीर, खांब किंवा ओळखीचं झाड येईल, एक नुकसान झालेल्या पट्ट्याचा, एक खुराचा, शेजारी काडेपेटी ठेवून, एक खाल्लेल्या झाडाचा. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले की त्यातली जागेची माहिती गळून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.

क्षेत्र मोजताना मात्र मोबाइल बाजूला ठेवा. पाच गुंठे म्हणजे साधारण साडेबावीस मीटर लांब-रुंद तुकडा. त्याभोवती मोबाइल घेऊन चाललात आणि लांबी-रुंदीत चार-चार मीटरची चूक आली, तर क्षेत्र एक तृतीयांशाने कमी-जास्त दिसतं. दहा गुंठ्यांच्या आतलं नुकसान टेपनेच मोजा. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, आणि सातबाऱ्यावरचा एक आर त्याच्याच जवळपास. पंचनामा होईपर्यंत तो पट्टा वखरू नका, ओलित देऊ नका. ई-पीक पाहणीत हरभरा लावलेला नसेल तर पंचनाम्यात पीकच जुळत नाही, तेव्हा ती आधी उरका.

कोण आलं होतं ते असं ओळखा:
– रानडुक्कर: माती उकरलेली, झाड मुळासकट उलटं, ओल्या जमिनीत खुराच्या मागे दोन बारीक ठसे
– रोही: शेंडे खुडलेले, पीक तुडवलेलं, लेंड्यांचा ढीग पुन्हा पुन्हा एकाच जागी
– चितळ: कोवळे शेंडे खुडलेले, खूर लहान आणि टोकदार, कळपाचे

गावचा नकाशा करायला कोणाला पैसे देऊ नका. भूनकाशाच्या संकेतस्थळावरून गटांचा नकाशा घ्या, गूगल अर्थवर नुकसानीचे ठिपके टाका, डुकराला लाल आणि रोहीला निळा. मग नाले, पांदण, पाणवठे, ई-क्लास आणि झुडपी जंगल वेगळ्या रंगाने काढा. गावात कोणाला संगणकाची सवय असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. गटाची रेघ उपग्रहचित्रावर काही मीटर सरकलेली दिसेल. त्यावरून धुऱ्याचं भांडण काढू नका, मोजणी ही भूमी अभिलेखचीच. ठिपके साठले की ते बहुधा दोन-तीन नाल्यांच्या तोंडाशी गोळा झालेले दिसतात. अमावास्येच्या मागच्यापुढच्या रात्री डुकरं जास्त आत येतात, असं बांधावर सगळेच सांगतात. याची खात्री देता येत नाही, पण तारीख लिहीत गेलात तर तुमच्या गावापुरतं खरं-खोटं कळेल.

कुंपणाचा निर्णय यानंतरचा. दुकानदार आधी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं) विकतो, मग वास मारणारं औषध, मग आवाजाचं यंत्र. आवाजाला डुक्कर थोड्याच दिवसांत सरावतं आणि औषधाचा वास दवाने, ओलिताने उतरतो. सौर कुंपण घ्यायचंच असेल तर जन-वन विकास योजनेतल्या अनुदानाचं वनरक्षकाला विचारा आणि नकाशा दाखवून लगतच्या आठ-दहा जणांत मिळून घ्या. खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी, नाहीतर डुक्कर खालून जातं. तारेला गवत टेकलं की झटका मरतो. उन्हाळ्यात अर्थिंगची माती सुकते आणि मशीन चालू असून झटका बसत नाही. तिथे पाणी ओतत राहा. नाल्याचं पात्र मात्र तारेने अडवू नका. जनावरांची वाट तीच असते. ती बंद केली की कळप शेजारच्या शिवारात घुसतो आणि दोन गावांत वैर लागतं. नाल्याकाठचं झुडूपही पेटवू नका: काठ ढासळतो, माती वाहते आणि डुक्कर दिवसाही तुरीत बसायला लागतं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हे वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी स्पष्ट केलं आहे. तिथे हात घातला तर गुन्हा दाखल होईल.

खांबावरून आकडा टाकून तारेत वीज सोडणं आजच्या आज बंद करा. वाघ मरतो, बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. तो गुन्हा आहे आणि त्याला भरपाई नाही.

हरभऱ्याची बाकी कामं:
– पेरणी उरली असेल तर: 30 बाय 10 सेंमी, टपोऱ्या दाण्याचं बियाणं हेक्टरी 100 किलो
– बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा किलोला 5 ग्रॅम, नंतर रायझोबियम 10 किलोला 250 ग्रॅम
– ओलित: 30-35 आणि 60-65 दिवसांनी, हलकं
– घाटेअळी: हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), पक्षिथांबे, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क, महागडी फवारणी अळ्या मोजल्याशिवाय नाही
– वावराभोवती करडईच्या तीन-चार ओळी: काटे आल्यावर जनावर बिचकतं, पण कोवळी करडई रोहीच खातो

नोंदी साठल्या की 26 जानेवारीच्या ग्रामसभेत नकाशा ठेवा, ठराव घ्या आणि एक प्रत लोक जैवविविधता नोंदवहीला लावा. वाघाची गुहा, खवले मांजराचं बीळ यांच्या नेमक्या जागा त्यावर टाकू नका, व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच नाही. शिकारी पण तेच वाचतात. त्या फक्त वनरक्षकाला तोंडी सांगा. नकाशाची दुसरी प्रत रेंज ऑफिसला द्या आणि तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.