डायलॉग बिघडलाय? डीबगर उघडण्याआधीची तयारी

‘बटण दाबलं, काहीच झालं नाही.’ विंडोज प्रोग्राममधल्या डायलॉगबद्दलची, म्हणजे बटणं आणि चौकटी असलेल्या छोट्या खिडकीबद्दलची, तक्रार बहुतेक वेळा एवढीच येते, आणि आपण लगेच त्या बटणाच्या हँडलरवर (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडावर) ब्रेकपॉइंट, म्हणजे डीबगरने थांबायची खूण, लावून बसतो. जरा थांबा. डायलॉगमध्ये चूक असते एकीकडे आणि दिसते भलतीकडेच. टेम्प्लेटमधली (डायलॉगच्या लेखी आराखड्यातली) एखादी स्टाइल, मेसेज लूपमध्ये (विंडोजचे निरोप घेऊन वाटणाऱ्या कोडात) लिहायची राहून गेलेली एक ओळ, नको तिथे परत केलेलं ट्रू. यातल्या निम्म्या गोष्टींवर ब्रेकपॉइंट लावायला जागाच नसते. म्हणून आधी अर्धा तास तयारीला द्या.

सुरुवातीला तक्रार नीट वदवून घ्या. डायलॉग उघडतच नाही? उघडतो, पण कीबोर्डला दाद देत नाही? उघडल्यावर अख्खा प्रोग्राम गोठतो? की चालतो सगळा, फक्त वेडावाकडा दिसतो? या चारही तक्रारींच्या वाटा वेगळ्या आहेत. माउसने जमतं आणि टॅब-एंटरने जमत नाही का, पहिल्यांदा उघडतो आणि विसाव्यांदा नाही असं आहे का, हे मुद्दाम विचारा. विंडोजची आवृत्ती, बिल्ड ३२ बिटचा की ६४ बिटचा, मॉनिटर किती आणि डिस्प्ले स्केलिंग किती, हेही लिहून घ्या. स्केलिंग कुणी आपणहून सांगत नाही, आणि आपल्या मशिनवर १०० टक्के असलं की समोरच्याचे १५० टक्के आपल्याला सुचत नाहीत.

मग अवजारं मांडून ठेवा. व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारं, खिडक्या आणि त्यांना येणारे मेसेज दाखवणारं स्पाय प्लस प्लस हवंच. त्याचे ३२ आणि ६४ बिटचे प्रकार वेगळे आहेत. आपल्या प्रोग्रामला जुळणारा घ्या, नाहीतर मेसेजची खिडकी रिकामी बघून ‘मेसेज येतच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष काढाल. प्रोग्रामने लिहिलेल्या लॉगच्या ओळी दाखवणारं डीबगव्ह्यू उघडून ठेवा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये यूझर ऑब्जेक्ट्स (खिडक्या वगैरे) आणि जीडीआय ऑब्जेक्ट्स (ब्रश, फॉन्ट वगैरे चित्र काढायचं सामान) हे दोन कॉलम आधीच चालू करा. टेम्प्लेट जिच्यात लिहिलेला असतो ती रिसोर्स फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, कारण डायलॉग एडिटर सुंदर चित्र दाखवतो पण ओळींचा क्रम लपवतो, आणि टॅबचा क्रम म्हणजेच त्या ओळींचा क्रम.

डीबगव्ह्यूवर एवढा भर का, ते सांगतो. फोकसचा, म्हणजे दाबलेल्या कळा कोणत्या कंट्रोलकडे (बटणाकडे, चौकटीकडे) जातात याचा, घोळ ब्रेकपॉइंटने सापडत नाही, उलट वाढतो. ब्रेकपॉइंट लागला की डीबगरची खिडकी पुढे येते, तुमच्या कंट्रोलचा फोकस जातो, परत आलात की पुन्हा मिळतो. म्हणजे जे तपासायचं तेच आपण बदलून टाकलं. एका फॉर्मवर मी यात अख्खा दिवस घालवला होता. एका चौकटीत चुकीची तारीख टाकून टॅब दाबला की संदेशाची पेटी यायची, ती बंद केली की लगेच दुसरी, मग पुन्हा पहिली. ब्रेकपॉइंट लावला की दर वेळी नवाच तमाशा. शेवटी दोन्ही चौकटींच्या फोकस मिळण्या-जाण्यावर डीबगव्ह्यूमध्ये दिसणाऱ्या आउटपुटडीबगस्ट्रिंगच्या चार ओळी टाकल्या, आणि दहा मिनिटांत क्रम समोर आला: पहिली चौकट फोकस सोडताना मेसेजबॉक्स दाखवत होती, त्या पेटीमुळे दुसऱ्या चौकटीचा फोकस जात होता, मग तीही आपली पेटी दाखवत होती. फोकस जाण्याच्या मेसेजमध्ये खिडकी उघडायचीच नसते. तिथून स्वतःलाच पोस्टमेसेजने निरोप पाठवायचा आणि धावपळ शमल्यावर तपासणी करायची. तेव्हा फोकसचं काम असेल तर लॉगच्या ओळी आधी टाका. किंवा डीबगर दुसऱ्या मशिनवरून जोडा.

डायलॉग उघडतच नसेल तर पाहायची जागा एकच: डायलॉग उघडणाऱ्या डायलॉगबॉक्स या फंक्शनने परत काय दिलं? फसला तर उणे एक येतो, ओनर (मालक) खिडकीचा हँडल, म्हणजे सिस्टिमने तिला दिलेली ओळख, चुकीचा असेल तर शून्य. बहुतेक कोडात हे मूल्य कुणी बघितलेलंच नसतं. लगेच पुढच्या ओळीत गेटलास्टएररने एररचा आकडा घ्या, मध्ये दुसरा कुठलाही कॉल नको. १८१४ आला तर त्या नावाचं रिसोर्स सापडलं नाही. डायलॉग डीएलएलमध्ये (प्रोग्रामबरोबर लोड होणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये) आणि इन्स्टन्स हँडल मुख्य प्रोग्रामचा, हे त्याचं नेहमीचं कारण. १४०७ म्हणजे विंडो क्लास (खिडकीचा नोंदवलेला प्रकार) सापडला नाही, आणि हा फार छळतो, कारण टेम्प्लेटमधल्या एका कंट्रोलचा क्लास रजिस्टर नसला तरी अख्खा डायलॉग उभा राहत नाही. रिच एडिट ठेवलंय आणि त्याची डीएलएल लोडच केली नाही, किंवा इनिटकॉमनकंट्रोल्सईएक्समध्ये हवा तो झेंडा (फ्लॅग) दिला नाही, की हे होतं. गुन्हेगार कोणता ते कळत नसेल तर डायलॉगला तात्पुरती डीएस_नोफेलक्रिएट ही स्टाइल द्या. आता डायलॉग उघडेल आणि नेमकं एक कंट्रोल गायब दिसेल. तेच ते. शोध लागला की स्टाइल काढून टाका, ती औषध नव्हे.

याच ओघात मॅनिफेस्ट, म्हणजे प्रोग्रामला काय काय लागतं ते सांगणारी फाइल, बघून घ्या. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, कॉमन कंट्रोल्सची सहावी आवृत्ती मॅनिफेस्टमध्ये मागितली तरच मिळते, नाहीतर गुपचूप पाचवी येते. सिसलिंक हे कंट्रोल फक्त सहाव्या आवृत्तीत आहे. प्रोग्राम सुरू होतानाच ‘ऑर्डिनल ३४५ सापडला नाही’ असं येत असेल तर टास्क डायलॉग वापरलाय आणि मॅनिफेस्ट नाही, हे धरूनच चाला. मोडलेस डायलॉग (उघडा असतानाही बाकीचा प्रोग्राम वापरू देणारा; मोडल म्हणजे तसं न करू देणारा) असेल तर आणखी एक साधी गोष्ट: टेम्प्लेटमध्ये डब्ल्यूएस_व्हिजिबल नसेल आणि शोविंडोही केलं नसेल, तर तो उघडलेला असतो, फक्त दिसत नाही. स्पाय प्लस प्लसच्या यादीत सापडतो.

यानंतर डायलॉग प्रोसिजर, म्हणजे डायलॉगला येणारे मेसेज हाताळणारं फंक्शन, एकदा वरपासून खालपर्यंत वाचून काढा, डीबगरशिवाय. ती साध्या विंडो प्रोसिजरसारखी दिसते पण तशी नसते. मेसेज हाताळला तर ट्रू, नाही हाताळला तर फॉल्स, आणि डेफविंडोप्रॉक कधीच नाही. नोटिफाय मेसेजला खरोखर काही मूल्य परत द्यायचं असेल तर ते डीडब्ल्यूएलपी_मेसेजरिझल्टमध्ये ठेवून मग ट्रू द्यायचं. रंगांचे सीटीएलकलर मेसेज याला अपवाद, तिथे ब्रशचा हँडल थेट परत करायचा. इनिटडायलॉगमध्ये ट्रू दिलं तर फोकस कुठे जायचा ते सिस्टिम ठरवते. तुम्ही स्वतः फोकस लावला असेल तर फॉल्स द्या. ‘मी सेटफोकस केला होता, पण कर्सर पहिल्याच चौकटीत जातो’ या तक्रारीचं मूळ इथे असतं. प्रोसिजरचा रिटर्न टाइप आयएनटी_पीटीआर आहे ना, तेही बघा. जुन्या कोडात बूल असतो, आणि कंपायलर कुरकुरू नये म्हणून कुणीतरी डीएलजीप्रॉक असा कास्ट ठोकलेला असतो. ३२ बिटमध्ये ते चालून जातं, ६४ बिटमध्ये ब्रशचा हँडल अर्धा कापला जाऊ शकतो. कास्ट काढा, कंपायलरला कुरकुरू द्या. आणि मोडल डायलॉग एंडडायलॉगने बंद होतो, मोडलेस डिस्ट्रॉयविंडोने. यात अदलाबदल झालेली नाही ना, तेवढं पाहून पुढे चला.

कीबोर्डची तक्रार असेल तर डायलॉग मोडल की मोडलेस, हे आधी ठरवा. मोडलला स्वतःचा मेसेज लूप असतो. मोडलेसला तुमचाच लूप वापरावा लागतो, आणि त्यात डायलॉगच्या कळा ओळखणारा इजडायलॉगमेसेज हा कॉल नसेल तर टॅब, बाण, एंटर, एस्केप सगळंच मुकं. हे नवशिक्यांचं झालं. जाणत्यांना अडकवणारी गोष्ट वेगळी आहे. ‘पुढे’ या बटणाचा हँडलर शेवटच्या पानावर ते बटण एनेबलविंडोने बंद करतो. दिसायला अगदी बरोबर. पण फोकस त्याच बटणावर होता. आता फोकस अशा खिडकीकडे आहे जी कुठलीच कळ घेत नाही. वापरणारा टॅब दाबतो, एस्केप दाबतो, काही हलत नाही. माउसने दुसरीकडे क्लिक केलं की सगळं सुरळीत, म्हणून तुम्हाला तो दोष दिसतच नाही. बटण बंद करण्याआधी फोकस त्यावर आहे का ते बघा, आणि असेल तर डब्ल्यूएम_नेक्स्टडीएलजीसीटीएल पाठवून तो हलवा. नुसता सेटफोकस नको, कारण डिफॉल्ट बटणाची जाड किनार त्याला कळत नाही आणि मग दोन-दोन बटणं डिफॉल्ट असल्यासारखी दिसतात.

आयडींची यादीही समोर ठेवा. आयडीओके म्हणजे १, आयडीकॅन्सल म्हणजे २. एस्केप दाबला की आयडी २ चा कमांड मेसेज येतो, ते बटण डायलॉगवर असो वा नसो. मी पाहिलेल्या एका डायलॉगमध्ये रद्द बटणाची नक्कल करून फक्त मथळा बदललेला होता, आयडी तोच ठेवून. नवा मथळा होता ‘सर्व काढून टाका’. बाकी कल्पना करा. दोन ब्रांच मर्ज केल्यावर रिसोर्सच्या हेडरमध्ये दोन नावांना एकच आकडा मिळणं हे याच्याच जातीचं. गेटडीएलजीआयटेम शून्य देत असेल आणि एरर १४२१ असेल तर त्या डायलॉगमध्ये तो आयडी नाही. बऱ्याचदा आपण बापाच्या ऐवजी आजोबाच्या खिडकीत शोधत असतो.

गोठलेल्या प्रोग्रामसाठी मात्र डीबगर घ्या. ब्रेक ऑल करून (प्रोग्राम आहे तिथे थांबवून) यूआय थ्रेडचा, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या धाग्याचा, स्टॅक (कोणत्या कॉलमधून कोणता कॉल झाला ती साखळी) बघा, तेवढ्यात बरंच कळतं. वेट करणाऱ्या कॉलमध्ये बसला असेल तर दुसऱ्या थ्रेडकडे बघा: तो याच डायलॉगच्या कंट्रोलला सेंडमेसेज करून उत्तराची वाट बघत असणार, आणि दोघं एकमेकांसाठी खोळंबलेत. सेटविंडोटेक्स्टही आतून मेसेजच पाठवतं, हे विसरलं जातं. स्टॅक थांबलेला नसून इजडायलॉगमेसेजच्या आत गरगर फिरत असेल, सीपीयूचा एक कोर पूर्ण भरलेला असेल, तर टॅबच्या आत बसवलेला पोटडायलॉग शोधा. त्याला डब्ल्यूएस_ईएक्स_कंट्रोलपेरेंट दिलेलं नसेल. पुढचं कंट्रोल शोधणारा कोड जिथून निघाला तिथे परत येईपर्यंत फिरतो, आणि निघालेलं कंट्रोल पोटात असल्यामुळे वरच्या फेरीत ते त्याला कधी भेटतच नाही.

काही चिल्लर दोष असे आहेत की ते माहीत असले की दोन मिनिटांत सुटतात. कॉम्बोबॉक्सची यादी खाली पडत नाही, तर टेम्प्लेटमधली उंची बघा, त्यात पडणाऱ्या यादीचीही उंची धरायची असते. लेबलमधल्या फाइलच्या नावातला अँपरसँड गायब होऊन पुढचं अक्षर अधोरेखित होतं, तर एसएस_नोप्रीफिक्स. अनेक ओळींच्या एडिटमध्ये सगळं एकाच ओळीत येतं, तर तिथे कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड दोन्ही लागतात. त्याच एडिटमध्ये एंटर दाबल्यावर डायलॉगच बंद होतो, तर ईएस_वाँटरिटर्न. रेडिओ बटणांचे दोन गट एकमेकांत मिसळतात, तर प्रत्येक गटाच्या पहिल्या बटणाला डब्ल्यूएस_ग्रुप नाही. आणि ईएन_चेंज हाताळताना त्याच एडिटचा मजकूर बदलत असाल तर स्टॅक भरेपर्यंत ते स्वतःलाच हाका मारत राहील.

दिसण्याच्या तक्रारींसाठी एक आकडेमोड लक्षात असू द्या. टेम्प्लेटमधली मापं पिक्सेल नसतात. आडवं एकक म्हणजे फॉन्टच्या सरासरी अक्षररुंदीचा चौथा भाग, उभं म्हणजे उंचीचा आठवा. फॉन्ट बदलला की सगळा डायलॉग बदलतो. कोडात पिक्सेलने कंट्रोल हलवणारा कुणी असेल तर तिथे मॅपडायलॉगरेक्ट हवं. देवनागरी मजकूर असेल तर वेलांट्या-उकारांसाठी उंची थोडी सढळ ठेवा. आणि अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फॉन्टला दोष देऊ नका: विंडोजमध्ये देवनागरीसाठी वेगळं एएनएसआय कोडपेज नाहीच. मजकूर कुठेतरी ‘ए’वाल्या (युनिकोडऐवजी एएनएसआय मजकूर घेणाऱ्या) फंक्शनमधून गेलाय किंवा रिसोर्स फाइल यूटीएफ-१६ मध्ये जतन केलेली नाही.

‘सकाळी ठीक असतं, दुपारनंतर रंग उडतात, बटणं काळी पडतात’ अशी तक्रार आली तर टास्क मॅनेजरचा तो जीडीआयचा कॉलम आता कामाला येतो. डायलॉग वीस वेळा उघडा-बंद करा आणि आकडा बघा. दर खेपेला तो वाढून खाली येत नसेल तर कुणीतरी सीटीएलकलरस्टॅटिकमध्ये दर वेळी नवा ब्रश बनवतंय. एका प्रोसेसला मुळात १०,००० जीडीआय हँडल मिळतात. ते संपले की चित्र काढणारे कॉल मुकाट फसत जातात. ब्रश एकदाच बनवा, जपून ठेवा, डायलॉग जाताना पुसा.

एवढं करूनही काही हाती लागलं नाही तर एक रिकामा प्रोजेक्ट तयार करा, फक्त टेम्प्लेट त्यात न्या, आणि कंट्रोल्स एकेक करून परत आणा. कंटाळवाणं आहे, पण मी यात कधी तासाभरापेक्षा जास्त अडकलो नाही. दोष सापडल्यावर लॉगच्या ओळी आणि ती नोफेलक्रिएट स्टाइल काढली का ते डिफमध्ये बघा, ६४ बिटचा रिलीज बिल्ड करा, स्केलिंग १५० टक्क्यांवर न्या, आणि माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर तो डायलॉग एकदा उघडून बंद करून बघा.