पॅड फिरत नव्हते, ते असं जमलं

आइस हॉकीत हौस म्हणून मी गोलकीपिंग करतो. नवे लेग पॅड घेतले, पण गुडघे टेकले की पॅडची पुढची बाजू शूटरकडे वळायचीच नाही, बर्फाकडे झुकायची. पक (खेळातली रबरी चकती) सरळ पॅडवरून आत. शिवाय गुडघा बर्फावर आपटायचा.

दोष पॅडचा नव्हता. मी पट्टे क्रिकेटच्या पॅडसारखे आवळत होतो. हा पॅड पायाला घट्ट चिकटून राहायचा नसतो. खाली बसताना तो पायाभोवती फिरून आतल्या कडेवर उभा राहायला हवा. म्हणून पोटरीचे पट्टे दोन बोटं सहज जातील इतके सैल केले आणि पंजाशी असलेली दोरी काढून तिथे इलास्टिक बसवलं. फरक पहिल्याच सरावात जाणवला, इतका की मी मुद्दाम पुन्हा पुन्हा खाली बसून पाहिलं! गुडघ्याजवळचा पट्टा मात्र फार सैल सोडला नाही, नाहीतर गुडघा आतल्या उशीवरून घसरतो.

पॅडचं माप उंचीवरून ठरवू नका. स्केट घालून, गुडघा वाकवून, घोट्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत मोजा. आणि आत गुडघ्याचे वेगळे गार्ड घालाच.