घरच्या घरी रेकॉर्डिंग: या चुका टाळा, सुरुवात कूलरपासून

मे महिन्यात नागपुरात घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर पहिली अडचण माईकची नसते, कूलरची असते. चालू ठेवला तर गाण्यामागे अखंड घरघर, बंद केला तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गाणारा घामाने निथळलेला. मागच्या उन्हाळ्यात भाच्याने नंदनवन भागातल्या खोलीत एक भजन रेकॉर्ड करून मला ऐकवलं. "मामा, आवाज डब्यातून आल्यासारखा येऊन राहिला. माईक बदलू का?" नवा कंडेन्सर माईक त्याने ऑनलाइन पाहूनही ठेवला होता. म्हटलं, थांब बे, आधी खोली पाहू.

खोलीत काय होतं? गुळगुळीत टाइल्स, चार उघड्या भिंती, एक लोखंडी कपाट. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर मागून बारीक 'टर्र' ऐकू आलं. डबा तो हाच. कंडेन्सर माईक बारीकसारीक जास्त टिपतो, म्हणजे अशा खोलीत तो घेतला असता तर डबा आणखी स्पष्ट ऐकू आला असता.

यावर लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने खोली खुराड्यासारखी दिसते, बाकी फारसं काही होत नाही. पातळ फोमचे चौकोनही फक्त वरचे, टोकदार स्वर शोषतात. खालची घूम तशीच राहते. आवाज शोषायला जाडी आणि वजन लागतं आणि आपण कापसाच्या मुलखातले. दिवाणावरची कापसाची गादी उभी करा, दोन खुर्च्यांवर रजाई टाका. फक्त जागा चुकवू नका. बहुतेक जण गादी माईकच्या मागे लावतात, पण गायनाचे नेहमीचे माईक समोरून ऐकतात आणि पाठीकडचं कमी घेतात. माईकच्या समोर असतो गाणारा, आणि गाणाऱ्याच्या मागे असते भिंत. म्हणून पहिली गादी गाणाऱ्याच्या पाठीशी. तेवढ्यानेच भाच्याचा अर्धा डबा गेला. रस्त्यावरचा हॉर्न मात्र गादीने थांबत नाही, त्यासाठी पहाटे उठण्याला पर्याय नाही.

कूलरचं दुखणं फक्त आवाजाचं नाही. तबला असेल तर दमट हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरतो. कूलर बंद केला की आपली कोरडी हवा तासाभरात पुडी पुन्हा ताणते. पहिला टेक (एकदा केलेलं रेकॉर्डिंग) आणि चौथा टेक सुरात जुळत नाहीत आणि दोष हार्मोनियमवर जातो. कूलर अर्धा तास आधी बंद करा, मग तबला लावा. दर टेकच्या सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा; पुढे घरघर कमी करताना सॉफ्टवेअरला हाच नमुना लागतो.

आता कॉम्प्युटर. एका भजनी मंडळाचे काका सांगत होते, "तानपुरा सुरू होतो आणि तीन सेकंदांनी विरघळतो." वायर बदलली, अ‍ॅप बदललं, फरक नाही. दोष लॅपटॉपच्या आगाऊपणाचा होता. मीटिंगसाठी त्यात आवाज स्वच्छ करणारी सोय असते, आणि एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं ती धरून चालते. तानपुरा तिला पंखाच वाटतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या माईकवर जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. लॅपटॉप कंपनीचं वेगळं ऑडिओ अ‍ॅप असेल तर त्यातलंही नॉइज कॅन्सलेशन काढा.

दुसरा घोळ सुराचा. काळी एकमध्ये गायलेलं गाणं ऐकताना दीडेक पट्टी खाली आणि किंचित रेंगाळलेलं वाटलं, तर गाणाऱ्याला रागावू नका. फाइल 48,000 च्या सॅम्पल रेटने (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने घेऊन) रेकॉर्ड झाली असेल आणि कुठेतरी 44,100 समजून वाजत असेल. वेग आठ टक्क्यांनी कमी होतो, सूर साधारण दीड सेमीटोनने उतरतो. विंडोज, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. कोणता, याने घरच्या कामात फरक पडत नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही तक्रार सगळ्यांचीच. ब्लूटूथ इअरबड असतील तर ते आधी काढा. त्यांचा उशीर तालात गाऊच देत नाही. त्यांचाच माईक वापरला तर आवाज थेट फोनकॉलच्या दर्जावर येतो. साधा वायरचा, कान झाकणारा हेडफोन घ्या. मग सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते पाहा: 44,100 वर 512 सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास 12 मिलिसेकंद, तेही एकाच बाजूचे, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीवर जातं. रेकॉर्ड करताना 128 ठेवा, मिक्स करताना (नंतर सगळे आवाज एकत्र जुळवताना) 512 किंवा 1024. 128 ला तडतड ऐकू आली तर 256. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं, म्हणजे माईकचा आवाज थेट हेडफोनला देणारं, बटण असेल तर ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा तोच आवाज बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल. आपल्या उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर मंदावतो, तेव्हाही अशीच तडतड होते. पलंगावर, गादीत रुतलेला लॅपटॉप तर हमखास.

बारीक भणभण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा. भणभण गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. जुन्या घरांत तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये कसाबसा बसवलेला असतो, तिथे इलेक्ट्रिशियन बोलवा. भणभण राहिलीच तर माईकची वायर विजेच्या वायरींपासून लांब करा.

पैशांचं म्हणाल तर माझी पहिली चूक बाराशे रुपयांची. कंडेन्सर माईक घेतला आणि सोबतच्या वायरने थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसला. आवाज इतका क्षीण की वाढवला तर खरखरच जास्त. खऱ्या स्टुडिओ कंडेन्सरला 48 व्होल्ट लागतात, लॅपटॉपचं भोक जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतं. आता कुणी विचारलं तर मी सांगतो: दोन इनपुटचा साधा इंटरफेस, एक डायनॅमिक माईक, बरा स्टँड. गजबजलेल्या वस्तीत डायनॅमिकच बरा, कारण तो जवळून गायलं तरच नीट ऐकतो. एकटेच गाणार असाल तर यूएसबी माईकही चालेल. तबला-पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवी झाली की मात्र तो अडतो. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला रुपयाही घालू नका. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर 60 दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. क्रॅक केलेलं काही टाकू नका, त्यातून व्हायरस घेऊन आलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत.

माईक तोंडापासून एक वीत, किंचित बाजूला. आपल्या भजनांत भ आणि फ फार. अगदी समोर उभं राहिलं की प्रत्येक 'भक्ती'ला फुंकर बसते. गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना हळू गाऊन पाहू नका, सगळ्यात चढा स्वर लावून पाहा आणि तेव्हा मीटरचा काटा उणे 10 डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला पूर्ववत शिवता येत नाही. कमी आलेला नंतर वाढवता येतो, फक्त सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 24 बिट निवडून रेकॉर्ड करा. एका मिनिटाच्या मोनो ट्रॅकला जेमतेम आठ एमबी लागतात. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीच (न दाबलेली, पूर्ण दर्जाची) ठेवा, एमपीथ्री फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर मावशीला पाठवायला.