दुसरा पासपोर्ट घेण्यापूर्वी कोकणातील कुटुंबांनी काय करावे

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग भागातील अनेक घरांचे आजोळ पेडणे-डिचोलीकडचे असते. आई किंवा वडील १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले असतील, तर लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्याची वाट काहींना खुली असते. आखातात नोकरी करणाऱ्या दापोली-खेडच्या मंडळींना हा प्रश्न सहसा पडत नाही. इकामा हा केवळ राहण्याचा परवाना आहे, त्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते आणि परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ साली सांगितले. तथापि त्या आधारे दोन पासपोर्ट बाळगता येत नाहीत. मोपा विमानतळावर एक आणि तिकडे दुसरा दाखवा, असा सल्ला कोणी दिला तर तो कटाक्षाने टाळावा.

माझ्या मते सर्वांत आधी सातबारा पाहावा. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्डधारकाला शेतजमीन किंवा बागायत खरेदीने वा बक्षीसपत्राने घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळू शकते, आणि विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. त्यामुळे भावकीतील कलमबागेचा हिस्सा विकत घेण्याचा विचार असेल, तर तो व्यवहार नागरिकत्व बदलण्यापूर्वी पूर्ण करावा आणि रखडलेली वारसनोंदही तलाठ्याकडे जाऊन मार्गी लावावी.

नवे नागरिकत्व मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट विनाविलंब जमा करून त्याचा दाखला घ्यावा, मतदारयादीतील नाव काढून घ्यावे आणि मगच ओसीआयसाठी अर्ज करावा. हे कार्ड म्हणजे आजीवन व्हिसा आहे, पासपोर्ट नव्हे; प्रवासात परदेशी पासपोर्ट सोबत लागतोच, आणि मतदानाचा अधिकार राहत नाही.

परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करावी. अशा मुलाकडे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडावे लागते. अन्यथा त्याचे भारतीय नागरिकत्व संपते.